ओमारचा स्कोअर

सेलिन तुस्कानो दुपारी साडेबाराला डबा उघडायची, पण घास घेण्याआधी मोबाइल बघायची. पॅथॉलॉजी लॅबच्या लंचरूममध्ये बाकीच्या बायकांच्या गप्पा रंगलेल्या असायच्या आणि ही मात्र अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातल्या बेसबॉल मॅचचा स्कोअर उघडून बसायची. तिकडची संध्याकाळची मॅच सिडनीत दुपारपर्यंत आटोपलेली असते. यादीवरून बोट खाली सरकवत ती एकच नाव शोधायची. ओमार. चार वेळा बॅटिंगला आला, एक हिट. असू दे. खेळला म्हणजे बरा आहे. मग ती जेवायला लागायची.

ओमार तिचा कोणी नव्हता. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावातला कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, वय सत्तावीस. चार वर्षं ती त्याचा स्कोअर बघत होती, आणि सिडनीच्या पेंडल हिल भागातल्या तिच्या घरात याचा कुणालाच पत्ता नव्हता. कारण त्या घरात बेसबॉलचं नाव काढायची सोय नव्हती.

तिचा मुलगा रायन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. अठराव्या वर्षी एका अमेरिकन क्लबने त्याच्याशी करार केला, तेव्हा वसईच्या नातेवाइकांपर्यंत पेढे पोचले होते. पण असे क्लब पोरांना लगेच मोठ्या संघात घेत नाहीत. खाली चार-पाच छोटे संघ असतात, त्याला ते फार्म म्हणतात. एकेक पायरी चढत वर जायचं. बहुतेक पोरं मधेच गळतात. रायन दुसऱ्या पायरीवर होता तेव्हा त्याच्या कोपराचं लिगामेंट तुटलं.

नेमकी त्याच आठवड्यात हेन्रीची बायपास ठरली होती. नवऱ्याला टाकून सेलिनला जाता येईना, आणि तिकडे पोराचं ऑपरेशन. तेव्हा रायनच्याच संघातला, त्याच्याबरोबर राहणारा हा ओमार पुढे झाला. त्याने रायनला हॉस्पिटलात नेलं, आणलं. उजवा हात पट्ट्यात अडकलेल्या रायनचे त्याने सिंकपाशी उभं करून केस धुतले. भात आणि राजमा शिजवून घातला. आणि रोज न चुकता व्हिडिओ कॉल लावून फोन रायनकडे वळवला. "मामा, सी? ही ईट," एवढंच तो म्हणायचा; त्याच्या स्पॅनिशमध्ये मामा म्हणजे आई. रायन तोंड फिरवून बसलेला असायचा, पण ताट रिकामं दिसायचं. आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसून सेलिन त्या रिकाम्या ताटावर दिवस काढायची.

पुढच्या वर्षी क्लबने रायनला सोडून दिलं. तो घरी आला, ग्लव्ह गराजमध्ये टाकला आणि इलेक्ट्रिशियनच्या कामाला लागला. त्या दिवसांबद्दल तो बोलला नाही आणि कोणी विचारलंही नाही.

सेलिनने मात्र ओमारला सोडलं नाही. ती यूट्यूबवरून स्कोअर वाचायला शिकली. एका वर्षी तो मोठ्या संघाच्या लगेच खालच्या पायरीपर्यंत चढला. अकरा दिवसच राहिला, पण तेवढ्यात सेलिनने लॅबमध्ये केक नेला. "कोणाचा बर्थडे?" कोणीतरी विचारलं. "माझ्या एका मुलाचा," ती म्हणाली. रोझरीच्या प्रार्थनेच्या वेळी हेन्री आणि रायनच्या मागोमाग ती त्याचंही नाव घ्यायची, मनातल्या मनात.

यंदा जूनमध्ये ते नाव दिसेनासं झालं. एक दिवस विश्रांती असेल, दोन दिवस असेल. नऊ दिवस झाले तेव्हा तिला जेवण जाईना. शनिवारी सकाळी रायन टोस्टला लोणी लावत होता. तिने फोन त्याच्यासमोर ठेवला.

"रायन, यादीत नाव नाही म्हणजे काय रे?"

रायनने पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. "मम, तू हे बघतेस? सिन्स व्हेन?"

"चार वर्षं झाली."

"पण का?"

"त्याने तुझे केस धुतले होते, बाबा."

रायनने फोन ओढून घेतला. त्याने दुसरं एक पान उघडलं, जे सेलिनला कधी सापडलं नव्हतं. "रिलीज्ड," तो म्हणाला. मग फोन खाली ठेवून, "मला सोडलं तेव्हा त्याने सहा वेळा फोन केला होता. मी घेतलाच नाही. वर कोण जाणार याच्यावर आम्ही दोघं पैज लावायचो, मम. मला लाज वाटली."

"मग आता तू कर," सेलिन म्हणाली.

तिसऱ्या रिंगला ओमारने फोन उचलला. "ऑसी!" ऑस्ट्रेलियाचा म्हणून रायनला ठेवलेलं ते नाव तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेरच्या खोलीतून हेन्री उठून आला. गुडघा गेला होता, पण पोरगा रडत नव्हता. क्लबच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अकॅडमीत नव्या कॅचरांना शिकवायचं काम त्याला मिळालं होतं. पुढच्या सोमवारपासून.

सेलिनने फोन घेतला. आभाराची इंग्रजी वाक्यं तिने वर्षानुवर्षं घोकून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडाला येईना. ती मराठीतच बोलत सुटली. माझा नवरा मरणाच्या दारात होता, लेक परमुलखात पडलेला, आणि तू त्याला जेवू घातलंस. तुझ्या आईला सांग, तिच्या मुलाला मी रोज बघत होते.

"ओके, मामा," ओमार गोंधळून म्हणाला. "ऑसी, व्हॉट शी सेज?"

रायनने सुरुवात केली. "शी सेज, यू फेड हर सन..." सेलिनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नो, मेट," तो म्हणाला, "धिस इज मी सेइंग इट. ग्रासियास, एर्मानो. थँक यू, ब्रदर. सॉरी, आय नेव्हर पिक्ड अप."

पलीकडे ओमार हसला. "यू ईट सो मच राइस, ऑसी," तो म्हणाला, आणि मग दोघंही काही वेळ नुसतेच हसत राहिले.

दुपारी जेवायला बसल्यावर हेन्रीने सहज विचारलं, "तो राजमा कसा करायचा रे?" आणि रायन सांगू लागला. आधी राजमा, मग ती दोन खोल्यांची जागा, मग हॉस्पिटलातली ती सकाळ, भूल उतरल्यावर बोटं हलतायत की नाही हे आधी ओमारनेच कसं पाहिलं. हेन्रीचा हात ताटातच थांबला होता. सेलिनने त्या दोघांना आणखी भात वाढला आणि देवाचे आभार मानत ऐकत बसली.