घुमणारी खोली

गाणी ऐकायची खोली घुमते म्हणून मामांनी भिंतींवर रजया टांगल्या, कपाट कोपऱ्यात सरकवलं आणि मधोमध उभं राहून टाळी वाजवली. मेली खोली घुमलीच! तेवढ्यात मामी धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालायला बसल्या. मामांनी टाळी वाजवली, तर घुमणं गायब. मामी उठून गेल्या की पुन्हा तेच. कपडे आवाज शोषत असतील म्हणून मामांनी नुसता ढीग ठेवून पाहिला, खोली घुमली. नुसत्या मामींना बसवलं, घुमणं बंद. मामा पुरते चक्रावले.

"ही काय भानगड आहे गं? तुझ्यात असं आहे तरी काय?"

मामींनी कपाळावर हात मारला. "अहो, माझ्यात कसलं काय! मी समोर असले की तुम्ही टाळीसुद्धा भीत भीत वाजवता!"