सरळ रेषेत नेलेलं विमान

मित्रांनो, दमलेलं विमान कसं दिसतं ते बघायचं असेल, तर या शेडमध्ये या. दाराशी तेल सांडलं आहे, जपून पाय टाका. आत कोपऱ्यात, नाक छताकडे आणि शेपूट जमिनीला टेकवून उभं आहे, तेच मी. माझ्या पंख्याची पाती मागे वळली आहेत, सोललेल्या केळ्याच्या सालीसारखी. हात लावू नका, कडा धारदार आहेत.

माझा जन्म लढाईसाठी झाला. कारखान्यात माझा पत्रा ठोकणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असायच्या. एकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याचं नाक बघ गं! थेट माझ्या सासूबाई!" सगळ्या खो खो हसल्या. तसं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

या नाकाची एक अडचण आहे. त्यात इंजिन एवढं मोठं, की जमिनीवर असताना आत बसलेल्या वैमानिकाला समोरचं काहीही दिसत नाही. हवेत दिसतं. जमिनीवर नुसतं नाक. म्हणून आमच्यासारख्यांना जमिनीवरून नेताना नागमोडी नेतात. जरा डावीकडे वळायचं आणि उजव्या बाजूने पुढे डोकवायचं. मग उजवीकडे वळायचं, डावीकडून डोकवायचं. दिसायला ते ध्यान दिसतं, पण जीव वाचतो. माझे दोन भाऊ लढाईतून धडधाकट परत आले आणि जमिनीवर उभ्या असलेल्या ट्रकांवर आपटून मोडले. घाई, दुसरं काय.

लढाई संपली. मला एका माळावर सोडून दिलं. पुढे कुणीतरी माझ्या पंखाखाली कोंबड्या पाळल्या. रागवायचं तरी कुणावर? कोंबड्यांना निदान सावली मिळाली.

मग काका आले. काका म्हणजे निवृत्त वैमानिक. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची पुतणी मेकॅनिक. तिने माझं इंजिन उघडलं आणि नाकाला रुमाल बांधून कोंबड्यांची घाण काढली. तिची मुलगी जेमतेम रांगायला लागली होती. ती इथेच खोक्यात गोधडीवर बसलेली असायची. छोटीने काही तोंडात घालू नये म्हणून पुतणी एकूण एक स्क्रू उंच फळीवर ठेवायची आणि तरी दर थोड्या वेळाने येऊन तिच्या तोंडात बोट फिरवून बघायची.

"अगं, तिला जरा श्वास घेऊ दे," काकू म्हणायच्या.

"घेऊ दे की. स्क्रू नको गिळू दे," पुतणी म्हणायची.

मी पुन्हा सुरू झालं, आणि जुन्या विमानांच्या मेळ्याचं आम्हाला बोलावणं आलं. माझ्यात जागा एकालाच. म्हणून पुतणीला मेळ्यात आलेल्या एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या छोट्या पिवळ्या विमानात मागच्या सीटवर बसवलं. सगळ्या विमानांनी रांगेने जमिनीवरून फिरायचं होतं. ते विमान पुढे, त्याच्यामागे मी. दोरीपलीकडे तुमच्यासारखीच मुलं उभी होती. कुणाची आई कॉलर धरून मागे ओढत होती. काकू छोटीचे कान झाकून मागे बसल्या होत्या.

सकाळच्या तालमीत मी नेहमीसारखं नागमोडी गेलं. मेळ्याचे व्यवस्थापक धावत आले. "काका, सगळी रांग एका ओळीत आणि तुमचं विमान झिंगल्यासारखं! फोटोची वाट लागते हो."

आजूबाजूचे हसले. काकांचा चेहरा उतरला.

"त्यांचं ऐकू नका, काका," पुतणी म्हणाली. "तुम्ही वळत वळतच या. मी तुमच्या पुढे आहे."

"अगं, एवढीशी तर वाट. डोळे मिटून नेईन!"

आणि मित्रांनो, तसंच झालं. दुपारी काकांनी मला पांढऱ्या रेघेवरून सरळ नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वळणावर रांग अडली. पिवळं विमान थांबलं. काका थांबले नाहीत. थांबणार कसे? त्यांच्यासमोर माझं नाक होतं.

पिवळ्या विमानाच्या पंख्याचा वारा मला आधी कळला. पण विमानाला ओरडता येत नाही. पुतणीने मागे वळून पाहिलं. ती डॉक्टरांच्या खांद्यावर बुक्के मारायला लागली. "पुढे घ्या! पुढे घ्या!" त्या आवाजात कोण ऐकणार? माझ्या पंख्याने त्या विमानाची शेपटी उसाच्या चरकासारखी आत ओढली. कापड, नळ्या, लाकूड, सगळं फाडत मी पुतणीच्या पाठीकडे निघालं होतं.

हिसका बसताच काकांनी इंजिन बंद केलं. माझं शेवटचं पातं तिच्या सीटच्या पाठीत रुतून थांबलं.

पुतणी बाहेर आली, ती थेट काकूंकडे पळाली. छोटीला उचललं आणि घट्ट धरून बसली.

"नशीब बलवत्तर," सगळे म्हणाले. "खरचटलंसुद्धा नाही. विसरून जा आता."

काका विसरले नाहीत. ते घराबाहेर पडेनात. काकू येऊन सांगायच्या, "ताटावर बसतात आणि तसेच उठतात. मी काय करू?"

मग शेडचं छप्पर गळू लागलं आणि मला कोपऱ्यात सरकवायचं ठरलं. ट्रॅक्टर ओढणार, पण ब्रेक धरायला आत कुणीतरी हवं. पुतणी काकांना हाताला धरून घेऊन आली.

"मला नको बसवूस गं."

"मग कुणाला बसवू? काकूंना? बसा."

काका चढले. ट्रॅक्टर हळूहळू ओढू लागला. पुतणी माझ्या पंखाच्या टोकाशी चालत होती. अर्ध्यात काकांनी ब्रेक दाबला.

"काय झालं, काका?"

त्यांनी बाहेर मान काढून पाहिलं. मग म्हणाले, "मला पुढचं काही दिसत नाही."

"त्या दिवशी दिसत होतं?"

"नव्हतं. लोक हसले म्हणून..."

पुतणीचा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. तिने हात पँटला पुसले, माझ्या नाकापुढे गेली, खाली वाकून सगळीकडे पाहिलं आणि ओरडली, "मोकळं आहे! या, काका!"

काका आले. गोगलगायीसारखे, पण आले.

मित्रांनो, मला आता उडायचं नाही. रंग दिलात तर बरं, नाही दिलात तरी चालेल. एवढंच ऐका. कुणी थांबून थांबून, वाकडं वळून, डोकावत चाललं असेल तर त्याला हसू नका. आणि कुणी म्हणालं, "मला दिसत नाही," तर तुम्ही पुढे जा आणि बघून सांगा.