फक्त दोन शब्द

मी माईक बोलतोय. हसू नका. आजवर माझ्यातून सगळे बोलले, पण बाबा रे, तुला काही म्हणायचंय का, असं मला कुणी विचारलं नाही. आज म्हणायचंय. आणि बघा, मी फुंकर न मारता, टकटक न करता सुरुवात केली. एवढं तरी माझ्याकडून शिका.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका बाईंनी माझी जाळी बसवली, आवाज तपासला आणि मला खोक्यात घातलं. मला वाटलं, आपण कुण्या गायिकेच्या हाती जाणार! नशिबी आलं अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या कॉलेजचं सभागृह. सात वर्षं झाली, मी इथेच आहे.

दरवर्षी इथे शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या फिल्म दाखवतात. एका सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे चार मिनिटांना जवळजवळ एकोणतीसशे. मुलं वर्षभर मान मोडून ती काढतात. आणि ती बघायला आलेली मोठी माणसं काय करतात? बोलतात! ‘मी तुमचा फार वेळ घेणार नाही’ असं कुणी म्हणालं की समजावं, आता तासाभराची निश्चिंती. फिल्म संपल्यावर प्रश्न विचारायला मला खाली फिरवतात. ‘माझा प्रश्न असा नाही, पण’ म्हणत एकेकजण आपलंच पुराण लावतो. एक काका तर दरवर्षी असतातच. ‘हे सगळं कॉम्प्युटर आपोआप करतो ना?’ त्यावर बिचारं पोर मला इतकं घट्ट आवळतं की माझा जीव घुसमटतो. आपल्या मुलाची फिल्म संपली की अख्खं कुटुंब उठून दाराकडे चालू लागतं, दुसऱ्यांच्या लेकरांनी जणू काही केलंच नाही. माझं डोकं फिरतं. पण माझ्या डोक्याला विचारतो कोण?

यंदाचं मात्र मनाला लागलंय.

दुपारी आवाज तपासायला एक चष्मेवाली मुलगी आली. मला तोंडाशी धरून म्हणाली, “हॅलो, हॅलो. आज माझे बाबा येणारेत.”

मागच्या रांगेतून तिची मैत्रीण ओरडली, “मग रडवी का झालीस?”

“साडेपाचला उठून जातील गं. सहाला ड्युटी आहे. माझी फिल्म शेवटची, आणि हे लोक बोलायला लागले की थांबतात का?”

बाबा हॉस्पिटलात पेशंटची ट्रॉली ढकलतात. ‘चार मिनिटांच्या कार्टूनला अख्खं वर्ष?’ असं ते एकदा बोलून गेले होते. त्यानंतर या पोरीने त्यांना एकही चित्र दाखवलं नव्हतं. आता दाखवायचं होतं ते एकदम सगळं.

ते आले. कडेच्या खुर्चीत बसले, मांडीवर युनिफॉर्मची पिशवी. पहिल्या फिल्मपासून प्रत्येक फिल्मला मनापासून टाळ्या वाजवणारा तो एकच माणूस. पण दोन फिल्म झाल्या की एक मनोगत, असं करत तेरा फिल्म होईपर्यंत सव्वापाच वाजले. प्रमुख पाहुणे सुरुवातीलाच पस्तीस मिनिटं बोलले होते. तरी सूत्रसंचालन करणारे सर माझ्यातून म्हणाले, “शेवटच्या फिल्मआधी पाहुण्यांनी पुन्हा दोन शब्द बोलावेत, अशी विनंती.”

बाबांनी पिशवीची चेन लावली.

तेवढ्यात चष्मेवाली तरातरा मंचावर चढली आणि तिने सरांच्या हातातून मला चक्क काढून घेतलं. “सर, आधी माझी फिल्म लावा. माझ्या बाबांना निघायचंय. ते पोचल्याशिवाय आधीच्या पाळीचा माणूस घरी जाऊ शकत नाही.”

सरांचा चेहरा पडला. पाहुणेच हसून म्हणाले, “लावा हो, मी कुठे पळून जातोय!”

अंधार झाला. पडद्यावर हॉस्पिटलचा लांब व्हरांडा, ट्रॉली ढकलणारा एक माणूस. वळण आलं की तो पेशंटच्या कोपरावर आपला तळहात ठेवायचा, भिंत लागू नये म्हणून. प्रत्येक वळणावर. बास, एवढीच फिल्म.

दिवे लागले. सरांना एकदम मायेचा उमाळा आला. खाली उतरून त्यांनी मला बाबांच्या हातात दिलं. “काका, दोन शब्द बोला!”

आणि तिथेच माझे सेल संपले. भाषणांनीच खाल्ले की! बाबा आधीच हळू बोलणारे, त्यात मला अगदी ओठांशी धरलेलं. ते बोलले, मंचावर उभ्या लेकीकडे बघत बोलले, मला सरांकडे देऊन धावतच निघाले. माणूस बुजला, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मला दोन टपल्या मारल्या. “अरे, हा बंद आहे!”

“काय म्हणाले गं बाबा?” मुलगी मैत्रिणीला विचारत होती.

“काहीच ऐकू नाही आलं.”

घरी विचारलं असेल तिने, तर ‘छान होतं’ एवढंच म्हणाले असतील. अशी माणसं एकदाच बोलतात. सात वर्षं मी सगळी पोपटपंची शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली आणि ऐकण्याजोगं हे एवढंच माझ्यापाशी अडकून राहिलं. याचा राग कुणावर काढू?

आता मी कपाटात पडून आहे. नवे सेल घातलेत, पुढच्या पाहुण्यांसाठी. तुम्हाला ती चष्मेवाली कुठे भेटली तर कृपा करून तिला सांगा. बाबा म्हणाले होते, “वळणावर मी हात ठेवतो, हे मलाच ठाऊक नव्हतं गं. शाळा सुटल्यावर तू हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसायचीस, मला वाटायचं अभ्यास करतेस. तू मला बघत होतीस होय?”