धोंडुबाईंच्या उसाची तारीख

मित्रांनो, सांगलीकडच्या एका साखर कारखान्यातला जुना कॉम्प्युटर मी. आता भंगारात पडलोय. अठ्ठ्याहत्तर साली मला आणलं, तेव्हा खंडेनवमीला झेंडूचा पहिला हार मला घातला होता. काय मिजास होती माझी. आज ती आठवली की तोंड लपवावंसं वाटतं.

माझी खरी स्मृती एवढीशी, एखाद्या टेबलाएवढी. मागे डिस्कचं मोठं कपाट. लागतील ती पानं टेबलावर घ्यायची, बाकीची कपाटात सरकवायची, आणि प्रत्येक कामाला सांगायचं, 'सगळं टेबल तुझंच.' ही थाप मी बेमालूम मारायचो. शेतकऱ्यांच्या नोंदींची भोकं पाडलेली कार्डं वाचणाऱ्या यंत्राला मात्र मोकळीक होती. एकदा जागा दाखवली की ते मला न विचारता मजकूर थेट तिथे टाकायचं. म्हणून त्याचं काम संपेपर्यंत तिथलं पान हलवायचं नाही, एवढं एकच पथ्य होतं.

ते मी मोडलं. ऊसलागणीच्या तारखा येत असताना दुसरं काम घाईचं आलं. मी धोंडुबाई नावाच्या एका ऊसवाल्या शेतकरणीच्या गावचं पान कपाटात टाकलं आणि त्या जागी भलतंच मांडलं. यंत्राला काय कल्पना? त्यांची तारीख त्या भलत्या पानावर पडली. त्यांच्या नावापुढे आधीपासून असलेली कुठलीतरी फेब्रुवारीची तारीख तशीच राहिली.

आधी लावलेला ऊस आधी तुटतो, आणि ही तारीख तर खऱ्या लागणीनंतर सात महिन्यांची होती. धोंडुबाईंची पाळी पार शेवटी गेली. त्या कचेरीत आल्या.

"आवं हंबीरराव, गेल्या साली आखाडात लावलाय म्या ऊस."

हंबीरराव शेतकी खात्याचे कारकून. त्यांनी खात्रीसाठी यादी पुन्हा छापायला लावली. मी तीच चूक पुन्हा छापली.

"मशीन खोटं बोलतंय व्हय, धोंडुबाई? लवकर तोड मिळावी म्हणून समदीच असं सांगत्यात."

रांगेतली माणसं हसली.

"मला खोटी म्हणा, पर येऊन ऊस तरी बघा," त्या म्हणाल्या. कुणीही गेलं नाही.

हंगाम संपताना तोडणीवाले त्यांच्या शिवारात गेले, तेव्हा ऊस तुरे येऊन वाळला होता. टोळीचा मुकादम बिराप्पा एक वाळकं कांडं घेऊन कचेरीत आला. "ह्यो फेब्रुवारीचा ऊस न्हवं, सायेब." हंबीररावांची मान खाली गेली. मला तर मानही नव्हती.

पुढच्या साली धोंडुबाई नोंद द्यायला आल्या, त्या दोन साक्षीदार घेऊन. हंबीरराव म्हणाले, "साक्षीदार कशाला, बाई?"

"असू द्यात. माझ्या एकलीच्या बोलण्यावर हितं भागत न्हाई."

मित्रांनो, छापील कागदावरून कुणाला खोटं ठरवण्याआधी एकदा त्याच्या शिवारात जाऊन या. मला पाय नव्हते. तुम्हाला आहेत.