मास्तरांचं वजन वाढलं तेव्हा

मी बाथरूमच्या दाराशी पडलेला वजनकाटा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आजवर आकड्यापलीकडे मला कुणी बोलू दिलंय थोडंच!

आमचे मास्तर शिंपी. त्यांना लिव्हरचा सिऱ्होसिस झाला, म्हणजे यकृत निबर होऊन आक्रसलं. जुन्या काविळीचा विषाणू आत ठाण मांडून बसला होता. लोकांनी मात्र खापर दारूवर फोडलं. थेंबाला न शिवलेला माणूस हो! हळूहळू गिऱ्हाइकं तुटली. घरात उरलो आम्ही दोघं.

मला आणायला सांगितलं डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी बजावलं होतं, "गेलेलं यकृत परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल. मीठ कमी, गोळ्या वेळेवर, दारू कधीच नाही. रोज सकाळी, काही खायच्या आधी वजन करा. आठवड्यात दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन करा. ते मांस नसतं, पोटात साठलेलं पाणी असतं."

परगावच्या लेकीचा रोज सकाळी फोन यायचा. "बाबा, आज किती?" मास्तर वाकून वाचायचे, "अठ्ठावन्न."

एका आठवड्यात मी एकसष्ट दाखवले. मास्तर बघत राहिले आणि फोनवर म्हणाले, "अठ्ठावन्न."

अस्सा संताप आला मला!

"पँट घट्ट होतेय का?" पोरगी हुशार.

"छे गं, अगदी मापात बसतेय."

बसणारच! आदल्या दिवशीच मशीनवर बसून त्यांनी कंबर दोन बोटं सैल केली होती. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. पाय सुजले, पोट टम्म फुगलं, तरी पँट मापातच. मी एकटाच खरं सांगत होतो आणि ऐकणारा तेवढा एकच होता.

एका सकाळी त्यांना इतकी धाप लागली की फोनवर शब्द फुटेना. लेक धावत आली, त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली. पोटातलं पाणी काढलं, गोळ्या वाढवल्या. थोडक्यात वाचले.

घरी आल्यावर लेकीने पँटच्या उसवलेल्या कंबरा पाहिल्या आणि त्यातली एक पँट बाबांसमोर धरली.

"एका शब्दानं सांगायचंत ना बाबा! मी लगेच आले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," मास्तर म्हणाले. "तू यावंस असं फार वाटत होतं गं. मग आजार सांगून बोलवायची लाज वाटली."

लेक पंधरा दिवस राहून कामावर परत गेली. आता मास्तर व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरतात आणि ती स्वतः आकडा वाचते. "छान हं बाबा," म्हणते, फोन बंद होतो. मास्तर मात्र बराच वेळ माझ्यावरून उतरत नाहीत.

पोरांनो, आकडा रोज विचारा, जरूर विचारा. पण तो कळल्यावर लगेच फोन ठेवू नका.