भागोजी सरांच्या फळ्यावरची तीन विमानं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. म्हसळ्याच्या एका सुताराने मला घडवलं आणि भागोजी सरांनी काळा रंग दिला. सर हवाई दलातून निवृत्त झालेले मेकॅनिक. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ते घराच्या ओटीवर शिकवत.

माझ्या अर्ध्या अंगावर त्यांनी ऑइलपेंटने युरोपातल्या तीन लढाऊ विमानांचा तक्ता कायमचा रंगवला होता. टायफून सर्वांत वेगवान, उंच चढणारं. ग्रिपेन लहान, साध्या रस्त्यावरही उतरणारं. राफेलपुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रडारला दिसत नाही.' चार वर्षं मुलं ते वहीत उतरवून घेत होती. पाहुणे आले की सर आधी मला दाखवत. मीही फुशारून जाई.

मग मैत्री नावाची मुलगी आली. तिची हवाई दलाच्या निवडीची मुलाखत आठ दिवसांवर होती.

"सर, हे चुकलंय," ती म्हणाली. "राफेल रडारला कमी दिसतं. क्षेपणास्त्रं, इंधनाच्या टाक्या पंखांखाली बाहेरच लटकतात. रडारच्या लहरी त्यांच्यावर आपटून परत जातातच ना?"

"वीस वर्षं विमानं दुरुस्त केलीत मी, पोरी."

"राफेलला हात लावलाय, सर?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "न्हाय," ते म्हणाले. "ते आलं तवा मी घरी बसलो होतो."

दोन दिवस वर्ग भरला नाही. तिसऱ्या सकाळी सर दाढीचं पातं घेऊन आले आणि ती ओळ खरवडू लागले. रंगाबरोबर माझी सालंही निघाली. मग त्यांनी मैत्रीच्या हाती खडू दिला. तिने लिहिलं, 'रडारला कमी दिसतं. तिन्हींचं तसंच.'

मैत्रीची निवड झाली नाही. परतल्यावर ती म्हणाली, "सर, नेमका तोच प्रश्न आला होता. उत्तर बरोबर गेलं."

"मग झालं तर," सर म्हणाले.

पुढे सरांचे गुडघे गेले, वर्ग बंद पडला. त्यांचा पुतण्या विपुल मला नागावला घेऊन आला. त्याच्या होमस्टेच्या दारात आता माझ्यावर सुरमई थाळी आणि सोलकढी लिहितात. कोणी वाईट वागवत नाही. फक्त रोज ओल्या फडक्याने पुसतात, वरून खारा वारा. लाकूड फुगलंय, सांधे सुटत चाललेत. मी थकलोय.

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्यावर चुकीचं काही दिसलं तर उठून सांगा. खरवडलेलं आम्ही सोसतो. पण पुसताना फडकं तेवढं कोरडं घ्या.