पेडलवर पाय नव्हता

गाडीत कोणी नव्हतं. मी मागे डब्याच्या दाराची रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसत होते आणि इंजिन एकदम ओरडलं. वाटलं, भावाने येऊन पाय दिला असेल. पुढे जाऊन पाहिलं तर सीट रिकामी. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि ॲक्सिलरेटरचं पेडल अर्धं खाली गेलेलं. त्यावर पाय ठेवून कोणीतरी आरामात बसलं आहे, असं ते दिसत होतं.

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, पेडल वर आलं.

ही बाबांची पिकअप. मागे आइस्क्रीमचा गार डबा. कोल्ड स्टोरेजमधून माल भरायचा आणि दुकानादुकानांत उतरवायचा, हे काम बाबांनी केस पिकेपर्यंत केलं. गेल्या वर्षी कोल्ड स्टोरेजच्या ओट्याला गाडी मागे लावताना ती उसळली आणि ओट्यावर आदळली. मध्ये लांब्या होता. तो तिथला हमाल, बाबांचा चहाचा सोबती. त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला, पुढे कापावा लागला. बाबा म्हणाले, मी ब्रेकच दाबला होता. मिस्त्रीने गाडी तपासून सांगितलं, गाडीत काही दोष नाही. भावाने किल्ली काढून घेतली. वय झालं की पाय चुकतो, हे आमच्या घरात मग जेवताना, टीव्ही बघताना, पाहुण्यांसमोर, बाबा समोर बसलेले असतानाही बोललं जायचं. मी दुसऱ्या गावी. फोनवर बाबा मला दर वेळी ब्रेकचं सांगायचे, कोणता पाय, कुठे, किती जोरात. मी म्हणायचे, माझा तुमच्यावर विश्वास आहे. मग त्यांनी तो विषयच बंद केला. मला वाटलं, चिडून केला असेल. गेल्या महिन्यात ते झोपेत गेले.

आज संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. भाऊ सांगून गेला होता, "ताई, डबा धुऊन काढ आणि कूलर चालू करून ठेव. त्याला गार डबा दाखवायचाय." म्हणून इंजिन चालू, कूलर चालू आणि दारं सताड उघडी, असं एकत्र झालं होतं.

मी पुन्हा इंजिन चालू केलं आणि या वेळी डब्याची दारं लावून घेतली. थोड्या वेळाने डबा गार झाला, डॅशबोर्डखाली टक् असा आवाज आला, कूलर थांबला. इंजिन शांत. मग दारं उघडली आणि ड्रायव्हरच्या बाजूला येऊन उभी राहिले. बाहेरची गरम हवा डब्यात शिरली. पुन्हा टक्. कूलर सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांसमोर पेडल खाली गेलं. मी वाकून पाहिलं. पेडलच्या दांडीला मागून एक बारीक तार बांधलेली होती.

मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि तशीच मिस्त्रीकडे निघाले. 

गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. मिस्त्री एका मोटारीच्या खाली होता, नुसत्या चपला दिसत होत्या. मी सांगितलं तसा तो घसरत बाहेर आला.

"पेडल दाबल्याशिवाय गाडी पळत नाही, ताई. भुतं पेट्रोल जाळत नाहीत."

"त्या पेडलला तार बांधली आहे. तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली ना. तुमच्या भावाचं काम ते. गर्दीत गाडी उभी राहिली की इंजिन हळू चालतं, मग कूलरला जोर मिळत नाही आणि माल पातळ होतो. म्हणून कूलर लागला की तार जरा रेस देते. बरेच जण करतात."

"जरा? अर्धं पेडल खाली जातं."

त्याने हात पुसले. "मग तारेची पकड सरकली असेल. आणि खरं म्हणजे ती गिअर टाकलेला असताना चालूच होता कामा नये. तशी सोय ठेवावी लागते."

"ठेवली होती का?"

"मला काय माहीत? मी इंजिन बघितलं, ब्रेक बघितला, चार चकरा मारल्या."

"कूलर चालू करून?"

"रिकाम्या डब्याला कूलर कशाला लावू? दारं बंद, कूलर बंद. गाडी लोण्यासारखी चालली." मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. "मी तरी कसं ओळखणार? तुमच्या भावाने एका शब्दाने काही सांगितलं नाही. म्हणाला, बाबांना हल्ली नीट दिसत नाही. म्हटलं, घरचाच माणूस सांगतोय."

"दिसत नाही? त्यांच्या पायाबद्दल बोलणं चाललं होतं ना?"

"तेच हो. वय."

तिथे एक पाना पडला होता. तो उचलून त्याच्या त्या 'वया'वर फेकावा असं मला वाटलं. मी तो उचलून बाकावर ठेवला आणि घरी आले.

चालताना सगळं उलगडत गेलं. बाबा शिस्तीचे. ओट्याला गाडी टेकली की मागची दारं उघडत नाहीत, म्हणून ते आधी खाली उतरायचे, दोन्ही दारं उघडून बाजूच्या कड्यांना अडकवायचे आणि मग गाडी मागे घ्यायचे. म्हणजे रिव्हर्स टाकलेला, दारं उघडी, आणि कूलर लागायची वेळ नेमकी तीच. अपघातानंतर त्या गाडीला ओट्यापाशी येऊ देत नव्हते. भाऊ रस्त्यावरच उभी करून हातगाडीने माल आणायचा. त्यामुळे त्याच्या हातात ती कधी उसळली नाही.

तो घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आई पोळ्या लाटत होती. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, तार आणि दारं. त्याने फ्रीज उघडला, पाण्याची बाटली काढली आणि फ्रीज उघडाच ठेवून प्यायला लागला.

"तुझ्या हातात कधी झालं होतं का?" मी विचारलं. खरं म्हणजे नाही म्हणेल असंच मला वाटत होतं.

त्याने बाटलीला झाकण लावून ती परत आत ठेवली.

"झालं होतं का?"

"एकदा. सिग्नलला. मागचं दार नीट लागलं नव्हतं. पुढे जागा होती म्हणून वाचलो."

"कधी?"

"झालं असेल बरेच दिवस."

"बाबा होते तेव्हा?"

आईचं लाटणं थांबलं. तो म्हणाला, "मला लगेच कळलं नाही. नंतर शंका आली. पण तोपर्यंत बाबा त्या विषयावर बोलायचेच बंद झाले होते, ताई. म्हटलं, विसरले असतील तर कशाला आठवण काढा."

"विसरले असतील."

"आणि मी सांगितलं असतं तर लांब्याच्या पायाचं माझ्यावर आलं असतं. मला दोन पोरी आहेत."

"बाबांना पण एक पोरगी होती."

आई म्हणाली, "आता उकरून काढू नका गं. गेलेलं माणूस परत येत नाही."

"माणूस नको परत. त्याचा शब्द पाहिजे." मी फ्रीजचं दार लावलं. "चल. गाडीत बस."

"गिऱ्हाईक येतंय."

"हीच गाडी विकणार होतास? तीच तार ठेवून? मागे कोण उभं असेल ते बघणार होतास?"

"तार काढणार होतो मी."

"कधी?"

त्याने बाहेर येऊन चपला घातल्या. तो माझ्या शेजारी बसला. कूलर बंद ठेवून, दारांना कुलूप लावून मी गाडी चालवली. वाटेत तो एकदाच बोलला. "सगळ्यांसमोर कशाला? लांब्याला घरी बोलावून सांगू." मी गिअर बदलला.

लांब्या आता कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी खुर्चीवर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या सोडतो. काठी भिंतीला टेकवलेली होती. बाबांना पोचवायला तो आला नव्हता. गाडी ओळखून त्याने हात आडवा केला.

"ही आत यायची नाही."

"तुम्हाला काही दाखवायचंय."

"मी पाहिलंय तिचं सगळं. आता एकच पाय उरलाय, ताई, तो मला लागतो."

"तुम्ही फाटकाशीच बसा. मी इथेच उभी करते. चाकांना ठोकळे लावा, पुढून मागून, चारही."

त्याने दोन हमालांना हाक मारली. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून त्याने ठोकळे काठीने ठोकून पाहिले. मी मागची दारं उघडली, बाजूला अडकवली, इंजिन आणि कूलर चालू केला आणि खाली उतरले. कूलर इतका वेळ बंद असल्याने डबा गरमच होता, त्यात दारं उघडी. कूलर लगेच लागला. इंजिन असं ओरडलं की ओट्यावरचे लोक पुढे आले. मी दोन्ही हात मागे बांधले होते.

लांब्या काठी टेकत आला आणि ड्रायव्हरच्या उघड्या दारातून आत वाकला. पेडल खाली होतं. त्याने आत हात घालून ते तळहाताने वर उचलायचा प्रयत्न केला. ते पुन्हा खाली गेलं. त्याने पुन्हा उचललं. पुष्कळ वेळ तो तेच करत राहिला. मग मी इंजिन बंद केलं.

"तार कोणी लावली?" त्याने विचारलं.

मी भावाकडे पाहिलं. भाऊ ठोकळ्याकडे बघत होता.

"म्हाताऱ्याला माहीत होतं?" लांब्या म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

"मग तो माफी मागायला का आला होता?"

मला कळेना. "कोण?"

"तुमचे वडील. दवाखान्यातून घरी आलो त्यानंतर. तोवर मी त्यांना नाही नाही ते बोललो होतो, ते मुकाट ऐकून घ्यायचे, आणि तरी म्हणायचे, ब्रेकच दाबला होता रे. त्या दिवशी आले, खाली बसले, माझ्या खाटेपाशी. म्हणाले, चुकलंच असेल माझं. घरचे सगळे सांगतात म्हणजे चुकलंच असेल. मला आता आठवत नाही कुठला पाय होता." लांब्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हटलं, निघ. तोंड दाखवू नकोस."

फोनवरचा तो विषय का बंद झाला होता ते मला तेव्हा समजलं. ते चिडले नव्हते. त्यांना पटवलं होतं. स्वतःच्या पायाखाली काय होतं हे ज्याला ठाऊक होतं, त्या माणसाला आम्ही रोज जेवताना थोडं थोडं करून ते विसरायला लावलं होतं. हा माझ्या शेजारी उभा असलेला माणूस ते सारं बघत होता. त्याला तारेचं माहीत होतं आणि तो पोळी मोडून खात होता.

"सांग त्यांना," मी भावाला म्हटलं.

"ताई."

"सांग."

"तार मी लावली होती," तो म्हणाला. "बाबांचं काही चुकलं नव्हतं."

लांब्या त्याच्याकडे वळला. त्याने काठी उचलली तेव्हा मला वाटलं, मारणार. मी मध्ये पडले नसते. त्याने ती फक्त पुढे टेकवली आणि तोल सावरला. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने माझा दंड धरायला हात पुढे केला. मी सरकले.

ओट्यावर चांगली गर्दी झाली होती. अपघाताच्या दिवशी हेच लोक तिथे होते. बाबांनी फोनवर सांगितलं होतं, त्यांना हाताला धरून गाडीतून उतरवताना यांच्यातच कोणीतरी हसून म्हणालं, आजोबा, आता नातवंडं सांभाळा. आत कोल्ड स्टोरेजची यंत्रं घरघरत होती.

"काय म्हणतोय तो?" मागून कोणीतरी ओरडून विचारलं. "ऐकू आलं नाही."

भावाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काही फोडलं की तो असाच बघायचा आणि मी पुढे होऊन काहीतरी सांगून टाकायचे.

"परत सांग," मी म्हटलं. "ओट्यावर चढ आणि सांग."